गुडघ्याखालून आलेला कप

शनिवार, १८ एप्रिल

मिस्टरनी सगळ्यांना एकेक वही दिली आहे. काय खाल्लं, किती झोपलो, पाय कसा आहे, हे रोज लिहायचं. मिस्टर म्हणजे आमचे नवे प्रशिक्षक, रेन्झो फाब्रेत्ती, इटलीहून आलेले; तिकडे प्रशिक्षकाला मिस्टरच म्हणतात. आमच्या गोलकीपरने वहीची पानं फाडून त्यात सूर्यफुलाच्या बिया बांधल्या. बाकीच्यांच्या वह्या कुठे गेल्या ते विचारू नये. मी मात्र लिहिणार, कारण माझं प्रकरण वेगळं आहे.

तर, खाल्लं: आईने चुलीत भाजलेला कार्प मासा, मक्याची भाकरी, कांद्याची पात. झोप: बरी. गुडघा: सकाळी कुरकुरतो, दुपारी विसरतो.

आता खरी बातमी. पुढच्या रविवारी ऑस्ट्रियातल्या एका क्लबचा माणूस मॅच बघायला येतोय. मॅच म्हणजे मलाच. माराश देलाय, वय चोवीस, मिडफिल्डर, क्लब शिरोका. सतराव्या वर्षी मी पहिल्या संघात आलो तेव्हा पेपरात फोटो आला होता, तो आईने फ्रिजवर लावलाय. मग राजधानीतल्या क्लबने नेलं आणि दोन मोसम बाकावर बसवलं. एकवीस वर्षांखालच्या राष्ट्रीय संघात एकदा बोलावणं आलं. अख्खी मॅच मी ट्रॅकसूट घालून बसलो आणि शिट्टी झाल्यावर झिप उघडली. नंतर गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, वर्ष वाया गेलं, आणि मी परत तळ्याकाठी, घरी, आईच्या हातचा मासा खायला. चोवीस हे वय आमच्या धंद्यात तरुण नाही. हा माणूस आला आणि मी आवडलो नाही, तर दुसरा कुणी शिरोक्याची वाट शोधत येणार नाही. हे मला माहीत आहे आणि गावालाही.

बाबांना सांगितलं. ते द्राक्षाच्या वेलाला आधार बांधत होते. म्हणाले, "चांगलं झालं." मग थोड्या वेळाने, "सहा नंबर घालून खेळ की त्या दिवशी."

झालं. बाबाही याच क्लबचे मिडफिल्डर, नंबर सहा. माझा आठ त्यांना कधीच पसंत पडला नाही. मी आठ घालायला लागल्यापासून ते मैदानावर फिरकलेले नाहीत. गर्दीने डोकं दुखतं म्हणतात. आमच्या मॅचला गर्दी? मैदानावर कोंबड्या जास्त असतात.

सोमवार, २० एप्रिल

काय लिहू.

सरावानंतर सगळे हामदीच्या कॅफेत गेलो, पाण्याला लागून आहे ते. मिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून त्यांनी पाय समोरच्या कठड्यावर टेकवला होता, गुडघा कमानीसारखा वर. हामदीने ट्रे त्यांच्या बाजूला ठेवला. मी पायाच्या पलीकडे. कप वरून दिला असता तर त्यांच्या पांढऱ्या पँटवर सांडला असता. म्हणून त्यांनी तो खालून सरकवला. गुडघ्याखालून. हसत म्हणाले, "घे, कॅप्टन."

गोलकीपरच्या तोंडात बी होती, ती तशीच राहिली.

आमची घरं पाण्याकाठी असली तरी माणसं डोंगरातली आहेत. डोंगरात, ज्याने आपल्यावरचा डाग धुऊन काढला नाही, दिलेला शब्द मोडून जो तसाच हिंडतो, त्याला कॉफी अशी देतात. भांडत नाहीत, बोलत नाहीत. कप गुडघ्याखालून देतात, की बाबा रे, पी, पण आमच्यात बसू नकोस. मी हे गोष्टींत ऐकलं होतं. कुणी कुणाला देताना मी पाहिलं नव्हतं, आणि हामदीनेही नव्हतं, त्याची साठी उलटली आहे.

मी उठलो. कप तसाच.

"अरे, त्याला काय ठाऊक," टोनिन माझ्या मागे धावला. टोनिन म्हणजे मिस्टरांचा सहायक, आणि दुभाषा. "परका माणूस आहे. त्याला वाटलं, पँट वाचली."

"ठाऊक नसेल," हामदी मागून म्हणाला, "पण कप दिला तो दिला."

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. बाबा अंगणात उभे, हातात सुतळी. मला वाटलं होतं चिडतील, नाहीतर हसतील तरी. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

"हामदीच्या कॅफेत? त्या फोटोखाली?"

मी म्हटलं, हो, फोटोखाली, पण फोटोचा काय संबंध. कॉफीच्या यंत्राच्या वर जुन्या संघाचा फोटो आहे, बाबा त्यात गुडघे टेकून बसलेत, केसांची झुलपं. त्यांच्या शेजारच्याचा चेहरा ब्लेडने खरवडलेला आहे. तो पाश्क, बाबांचा मिडफिल्डमधला जोडीदार. तळ्यापलीकडे, दुसऱ्या देशात पळून जाताना काठच्या वेताच्या झाडीत सापडला आणि तुरुंगात मेला. तेव्हाच्या हुकूमशाही राज्यात देश सोडून पळणाऱ्यांचे चेहरे फोटोतूनही पळवून लावायचे. बाबा कॅफेत नेहमी फोटोकडे पाठ करून बसतात.

बाबा सुतळी बोटाला गुंडाळत राहिले. मग विचारलं, "त्या इटालियनला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

ते कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. कोंबड्यांना आईने आधीच टाकले होते.

मंगळवार, २१ एप्रिल

गाव म्हणजे काय चीज आहे, ते आज कळलं. काल दुपारपर्यंत माझ्या नावावर काही नव्हतं. आज मी न्हाव्याकडे गेलो तर माझ्यावर कसला डाग आहे याची चर्चा रंगात आली होती. मला पाहून कुणी थांबलंसुद्धा नाही.

एक म्हणाला, मी कोप्लिकच्या त्या मुलीशी ठरलेलं लग्न मोडलं, तिचे भाऊ अजून शांत आहेत हेच नवल. लग्न तिने मोडलं होतं. दुसरा म्हणाला, राजधानीत गेला तेव्हा शिरोक्याला सोडणार नाही असा शब्द दिला होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, राकी प्यायलो होतो आणि टेबलावर उभा होतो. तिसरा, ज्याला मी आयुष्यात पाहिलं नाही, तो म्हणाला, "काहीतरी असणारच. परका माणूस उगाच कशाला देईल?"

"पँट, अहो, पँट!" मी ओरडलो.

"तोंड सांभाळ," न्हावी म्हणाला, "वस्तरा आहे हातात."

घरी वेराने, माझ्या बहिणीने, जेवताना ताट माझ्यापुढे टेबलाखालून सरकवलं. तिला वाटलं, विनोद होईल. आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. एरवी आई हसली असती.

बाबा जेवायला आले नाहीत.

बुधवार, २२ एप्रिल

आजचा धक्का कालच्याहून मोठा.

बाबांनी सकाळी मला अंगणात बसवलं आणि म्हणाले, "मी सांगेपर्यंत तू मैदानात उतरायचं नाहीस."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. म्हटलं, "रविवारी ऑस्ट्रियाचा माणूस येतोय."

"माहीत आहे."

"तो पुन्हा येणार नाही."

"माहीत आहे. घरावर हा कप असताना देलायांचा कुणी मैदानात उतरून सगळ्यांसमोर नाचणार नाही. आधी तो निस्तरायचा."

"मग निस्तरा! मिस्टरांना जाऊन बोला!"

"त्यांच्याशी काय बोलायचं," बाबा म्हणाले, आणि तळ्याकडे बघत बसले.

मी फाटक आपटून बाहेर आलो. आधी राग आला, मग, खरं लिहितो, थोडा अभिमानही वाटला. एवढी वर्षं मला वाटायचं, बाबांना माझ्या खेळाचं काही पडलेलं नाही. आणि आता माझ्या अब्रूसाठी जेवण सोडून बसलेत. संध्याकाळी राग पुन्हा आला. अब्रू घेऊन मी काय करू? अब्रू काही ऑस्ट्रियाची बस पकडत नाही.

सरावाला गेलो नाही. गुडघा ठीक आहे. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नाही.

शुक्रवार, २४ एप्रिल

मिस्टर घरी आले. कुबड्या काखेत, टोनिन मागे, टोनिनच्या हातात केकचा खोका. टोनिनने काल त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा म्हणे ते खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. रात्रभर झोपले नाहीत. खोटं नसावं, कारण दाढी केली नव्हती, आणि हा माणूस दाढी केल्याशिवाय दारही उघडत नाही.

आईने कॉफी केली. मिस्टरनी कप दोन्ही हातांनी घेतला, छातीजवळ धरला, पाय शक्य तितके सरळ. टोनिनने तालीम करून घेतली असणार.

"मी फक्त कॉफी दिली," ते म्हणाले. इटालियन आमच्या घरात सगळ्यांना येतं, टीव्हीवर शिकलोय. "माझी आई वारली त्या दिवसानंतर मला एवढं वाईट वाटलं नव्हतं. मुलावर माझा काही आरोप नाही. माझ्यासाठी तो या संघातला सर्वांत सरळ मुलगा आहे. पास सोडले तर."

मला हसू आलं. वाटलं, सुटलो. आता बाबा हात पुढे करतील, म्हणतील, झालं गेलं विसरू.

बाबा म्हणाले, "तुमची काही चूक नाही, मिस्टर. कप बरोबर घरी आला."

मी बघतच राहिलो. टोनिनही. मिस्टरांना वाटलं आपल्याला नीट समजलं नाही, त्यांनी टोनिनकडे पाहिलं.

"मग रविवारी तो खेळेल?"

"अजून नाही."

माझा तोल गेला. मी उभा राहिलो. पाहुण्यांसमोर, बाबांसमोर. म्हटलं, "माझ्यावर डाग आहे असं तुम्हालाही वाटतं? घरच्यांनाही? काय केलंय मी?"

"तुझ्यावर म्हटलं का मी?" बाबा हळूच म्हणाले.

आईच्या हातातून चमचा पडला. बाबा उठून बाहेर गेले. मिस्टरनी केकचा खोका उगाच थोडा सरळ केला.

मी अजून विचार करतोय. माझ्यावर नाही तर कुणावर? मिस्टरांवर? वेरावर? वेरा दंतवैद्याकडे काम करते आणि रविवारी चर्चमध्ये गाते, तिच्यावर कोण डाग लावणार. आईला विचारलं तर म्हणाली, "तू झोप." रात्रीचे आठसुद्धा वाजले नव्हते.

शनिवार, २५ एप्रिल

ठरवलं. उद्या खेळणार. बाबा बोलोत न बोलोत. बूट घासून पिशवीत भरले. आठ नंबरची जर्सी आईनेच इस्त्री करून ठेवली होती, न सांगता. तिला मी काय करणार ते कळलं असावं.

वेरा बाहेरून आली आणि म्हणाली, "बाबा पुन्हा द्रांदेच्या फाटकापाशी होते. कडीवर हात ठेवला आणि मागे फिरले. परवाही तसंच. मी हाक मारली तर म्हणाले, क्विन्सच्या झाडाची फळं बघत होतो. थंडीच्या तोंडावर पिकणारं फळ एप्रिलात कुठलं?"

द्रांदे म्हणजे पाश्कची बहीण. काठावरच्या शेवटच्या घरात एकटी राहते, अजून काळे कपडे घालते. जुन्या रीती तिला सगळ्या पाठ आहेत. लग्न असो की मयत, कुणी कुठे बसायचं ते तिला विचारतात. तेव्हा मला उलगडलं. बाबा तिच्याकडून निवाडा घेणार आहेत, की परक्याने अजाणता दिलेला कप धरायचा की सोडायचा. विचारायला संकोच वाटत असणार. मीच जाऊन विचारलं असतं एवढं होतं तर.

आईला सांगितलं, मी उद्या खेळणार. ती कणीक मळत होती. म्हणाली, "सकाळी बाबा म्हणतील तिथे जा. मग तुझं तू."

"कुठे?"

"म्हणतील ते. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही, माराश." 

हे खोटं आहे, दर आठवड्याला गॅसची टाकी मागते. पण मी हो म्हटलं.

रविवार, २६ एप्रिल

सगळं लिहून काढतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी चर्चमधून आल्यावर बाबा म्हणाले, "कोट घाल." त्यांनी स्वतः लग्नातला काळा कोट घातला होता, बटणं लागत नव्हती. आम्ही काठाकाठाने चालत गेलो, वाटेत कुणीकुणी नमस्कार केला, बाबांनी मान वर केली नाही. द्रांदेच्या फाटकाशी ते थांबले. कडीवर हात. मी म्हटलं, "मी उघडू?" म्हणाले, "नाही." आणि उघडली.

द्रांदे दारातच होती. तिने आम्हाला आत घेतलं, बसवलं, स्टोव्हवर कॉफीचं भांडं ठेवलं. भिंतीवर पाश्कचा फोटो. मी त्याचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. कान मोठे होते. अंगात शिरोक्याची जर्सी, आठ नंबर.

"फ्रान," द्रांदे पाठमोरीच म्हणाली. फ्रान हे माझ्या बाबांचं नाव. "साखर किती?"

"साखर नको," बाबा म्हणाले. "मी पाश्कसाठी आलोय."

तिचा हात भांड्यावर थांबला. दुखवट्याच्या कॉफीत साखर नसते, हे लहान पोरालाही कळतं. पण पाश्क जाऊन वीस वर्षं झाली. मी बाबांकडे पाहिलं. म्हणजे ते आलेच नव्हते? स्वतःच्या जोडीदाराच्या घरी? इथे तोंडओळखीच्या माणसाकडेही दुखवट्याची कॉफी प्यायला जातात. पाटीवर चिकटवलेला मयताचा कागद वाचून, गाव कुठलं ते विचारत जातात.

बाबा बोलायला लागले, फोटोकडे बघत. त्या सप्टेंबरात दोघांचं ठरलं होतं. पाश्कने होडी मिळवली होती. शुक्रवारी अंधार पडला की वेतांत भेटायचं आणि पलीकडे जायचं. बाबांनी शब्द दिला होता.

"घरात पोराला ताप होता," बाबा म्हणाले. मग थांबले. "नाही. ताप उतरला होता संध्याकाळी. मी घाबरलो, द्रांदे. मी कोट घालून दाराशी बसलो आणि उठलोच नाही. तो माझी वाट बघत राहिला. उजाडल्यावर त्याला वेतांत पकडलं. माझ्यामुळे पकडलं. तो मेला तेव्हा इथे यायची हिंमत झाली नाही, तेव्हा कुणाचीच होत नव्हती. पण राज्य गेलं, सगळे आले, तेव्हाही मी आलो नाही. तुला काय तोंड दाखवू? परवा त्या इटालियनने कप दिला माझ्या पोराला. तो त्याचा नव्हता."

ते पोर म्हणजे मी. दोन वर्षांचा. मी खुर्चीची कड घट्ट धरली.

एवढे दिवस मी समजत होतो की हे सगळं माझ्यासाठी चाललंय.

द्रांदेने कॉफी ओतली. तीन कप. तिचा लांब काळा घागरा, तिचे गुडघे, मी दुसरीकडे बघूच शकत नव्हतो. ती बाबांसमोर उभी राहिली आणि कप हातातून हातात दिला. नीट, वरून.

मग समोर बसली आणि म्हणाली, "तो तुझ्यासाठी थांबलाच नव्हता."

बाबांना कळलं नाही. मलाही.

"तुरुंगात मला एकदाच भेटू दिलं," ती म्हणाली. "तेव्हा त्याने सांगितलं. म्हणाला, फ्रानला सांग, मी थांबलो नाही. त्याचं पोर तापाने फणफणलंय हे दुपारी कळलं. म्हटलं, याला कशाला ओढायचं, बायको, पोर, सगळं मागे सोडून. म्हणून अंधार पडायच्या आधीच निघालो. त्याला चकवून निघालो म्हणून त्याची माफी माग. पण होडी फुटकी निघाली. अर्ध्यातून तो पोहत परत आला आणि वेतांत पडून राहिला. कुणाची वाट बघत नव्हता रे तो. दम गेला होता त्याचा."

बाबांचा कप बशीत कलंडायला लागला. मी हात पुढे केला पण त्यांनी तो स्वतःच धरला.

"मग सांगितलं का नाहीस?" बाबांचा आवाज ओळखू येत नव्हता. "रोज दिसतो मी तुला. मासळी घेताना दिसतो. एवढी वर्षं!"

"रस्त्यात सांगू?" द्रांदे म्हणाली. ती पण चिडली होती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मेलेल्याचा निरोप मासळीबाजारात देतात? घरात, कॉफीवर देतात. मी वाट बघितली तुझी. सगळं गाव आलं, तू नाही आलास. मला वाटलं, तुला टाकून गेला म्हणून तू त्याच्यावर रागावलास. आणि मीही मग हट्टाला पेटले. म्हटलं, एवढा राग आहे तर राहू दे. कॉफीला आला असतास, फ्रान, तर त्याच दिवशी सांगितलं असतं."

बाबांनी कप तोंडाला लावला. कडू कॉफी, गार झालेली. एका दमात नाही, घोट घोट करून, गाळापर्यंत प्यायले. मग कप खाली ठेवला आणि दोन्ही हात तोंडावर घेतले. माझ्या बाबांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मी घाबरलो होतो, लहान पोरासारखा.

द्रांदे उठली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला म्हणाली, "तुझी मॅच कितीला?"

"चारला."

"मग इथे काय करतोस?"

बाबांनी नाक पुसलं. "जा," म्हणाले. "आठ घालून खेळ."

मॅचबद्दल. एक-एक बरोबरी. मी बरा खेळलो, थोर नाही. पहिला अर्धा तास पायात शिसं भरलं होतं, डोक्यात सगळं तेच. मिस्टर कुबडी आपटून ओरडत होते. मग कोपऱ्यातून एक आवाज आला, बाईचा, खरखरीत: "अरे मागे बघ, मागे! मोकळा आहे तो!" बघितलं तर द्रांदे, काळ्या कपड्यांत, आणि शेजारी बाबा, कोटाची बटणं उघडी. कोंबड्या बाजूला झाल्या होत्या. मी मागे बघितलं. खरंच मोकळा होता. पास दिला, गोल झाला. म्हणजे तो गोल द्रांदेच्या नावावर लिहायला हवा.

ऑस्ट्रियाच्या माणसाने शेवटी मला एकच विचारलं, गुडघ्याचं ऑपरेशन कुणी केलं. मी सांगितलं. त्याने मान हलवली. चांगली की वाईट, ते देव जाणे.

खाल्लं: काही नाही. झोप: बघू.

गुरुवार, ३० एप्रिल

टोनिनचा फोन. ऑस्ट्रियावाल्यांनी घेतलं. एक वर्षाचा करार, जूनमध्ये हजर व्हायचं. मी दोनदा विचारलं, कुणाला घेतलं? तो म्हणाला, "तुलाच रे गाढवा, आणि कुणाला? मला?"

मी खाली बसलो, अंगणात, कोंबड्यांमध्ये. आईने बातमी ऐकून आधी मासा उलटला, मग रडली.

कॅफेत गेलो तर हामदीने सगळ्यांना फुकट कॉफी पाजली. कप माझ्या हातात देताना त्याने तो डोक्याइतका उंच धरला, गावाला दिसावा म्हणून, आणि अर्धा माझ्या शर्टावर सांडला. बाबा आत होते. या वेळी फोटोकडे तोंड करून बसले होते.

सोमवार, १५ जून

बसमध्ये लिहितोय, म्हणून अक्षर असं.

बस श्कोदरच्या चौकातून पहाटे पाचला सुटते. काल रात्री बाबा म्हणाले, "मी येतो थांब्यावर सोडायला." मी म्हटलं, कशाला, टोनिनची गाडी आहे, तुम्ही झोपा. म्हणाले, "येतो म्हटलं ना."

पहाटे उठलो तर त्यांचं अंथरूण रिकामं. आई म्हणाली, कधीचे सायकल घेऊन गेले. मला वाटलं, तळ्यावर गेले असतील, मनाला लागलं असेल, निरोप नको वाटला असेल. टोनिनच्या गाडीतून मी काठावर त्यांची सायकल शोधत राहिलो.

चौकात पोचलो तेव्हा दिवे चालू होते, बसही आली नव्हती. थांब्यावर एकच माणूस. काळा कोट, बटणं न लावलेली, सायकल भिंतीला टेकवलेली. पेट्रोल पंपावरचा पोरगा म्हणाला, हे आजोबा तीनपासून उभे आहेत, बसा म्हटलं तर बसत नाहीत.

"बाबा, एवढ्या लवकर?" मी म्हटलं. "पाचची बस आहे."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि माझी पिशवी हातातून घेतली.